हर्मन टेव्स यांच्याकडून, नम्रतापूर्वक

चर्चची पाटी बदलायची ही कल्पना हर्मन टेव्सला ऐन प्रार्थनेत सुचली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. तीच कल्पना दाढी करताना किंवा गाडी पुसताना सुचली असती, तर त्याने तिच्याकडे एक साधी कल्पना म्हणून पाहिलं असतं. पण डोळे मिटलेले, पास्टर मार्गा आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतायत, सगळीकडे शांतता, आणि अशा वेळी डोळ्यांपुढे एकदम लखलखीत नवा बोर्ड उभा राहतो, म्हणजे तो वरूनच आला असणार, याबद्दल हर्मनला शंका उरली नाही. त्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात हर्मनचं नाव होतं. तेही वरूनच आलं असणार.

आता आमच्या लिंडेनफेल्डमध्ये नम्रतेला फार मान आहे. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती लोक. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या या सपाट मैदानात आमचे पणजोबा आले ते साधेपणाने जगायला, आणि साधेपणात आम्ही कोणालाही हार जात नाही. इथे नवी गाडी घेतली की माणूस पहिल्यांदा सांगतो की जुनी अगदीच बंद पडली होती. एखाद्या बाईच्या रुबार्बच्या केकची स्तुती केली की तिने 'खालून करपलाय' असं म्हणायचं असतं. मग समोरच्याने 'छे, कुठे करपलाय?' म्हणायचं असतं. समोरचा हे म्हणायला विसरला, तर ती बाई पुढच्या रविवारपर्यंत त्याच्याशी बोलत नाही.

हर्मन माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, टापटिपीचा, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा. फक्त आपण धावतोय हे कोणीतरी पाहावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा असायची. शेजाऱ्याच्या अंगणातला बर्फ तो उपसून द्यायचा, पण शेजारी खिडकीत असताना. शेजारी बाहेरगावी असेल तर बर्फ आहे तिथेच राहायचा.

चर्चची जुनी पाटी म्हणजे एक ओकची फळी होती. इझाक लेवनने तिच्यावर अक्षरं कोरलेली आणि त्याच्या बायकोने, लेनाने, त्यात पांढरा रंग भरलेला. इझाक चर्चच्या समोरच राहायचा. रंग आता बराच उडाला होता, पण चर्च कुठे आहे हे गावात प्रत्येकाला माहीत असल्यामुळे पाटीचं कोणाचं काही अडलं नव्हतं.

"ईस्टरला बाहेरगावचे पाहुणे येतात," हर्मन बायकोला म्हणाला. "त्यांना काय वाटत असेल? मी म्हणतो, आपणच देऊ एक बोर्ड. साधासा. खाली अगदी बारीक अक्षरांत, 'हर्मन आणि जस्टिना टेव्स यांच्याकडून, नम्रतापूर्वक'."

जस्टिना ईस्टरचा पास्का पाव भाजायचे रिकामे डबे घासत होती. ती म्हणाली, "माझं नाव काढ."

"का?"

"मला नम्र व्हायचं झालं तर मी घरात होईन. हमरस्त्यावर कशाला होऊ?"

हर्मनने नाव काढलं. जागा मोकळी झाली, तेव्हा स्वतःच्या नावाची अक्षरं थोडी मोठी केली.

मग प्रकरण चर्चच्या समितीपुढे गेलं. आमच्या समितीत मतदान होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत आम्ही बसतो, कॉफी पितो आणि सूर्यफुलाच्या बिया सोलतो. बिया संपल्या की एकमत होतं. त्या दिवशी ॲग्नेस पेनर पिशवीभर बिया घेऊन आली होती, तेव्हाच हर्मनने ओळखायला हवं होतं.

"बोर्डात दिवा असणार का?" ॲग्नेसने विचारलं.

"छोटासा."

"दिवा म्हणजे दिखावा."

"मग चर्चमध्ये तरी वीज कशाला घेतलीत? मेणबत्त्या लावा!"

"मेणबत्त्या म्हणजे आणखी दिखावा," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

दिवा मंजूर झाला. पण दिवा असेल तर बोर्ड काचेचा हवा. काच असेल तर वाऱ्यात टिकायला लोखंडी चौकट हवी. लोखंडी चौकट लाकडी खांबांवर शोभणार नाही, तेव्हा विटांचे खांब हवेत. हर्मनचा साधासा बोर्ड बैठक संपेपर्यंत छोट्या बसथांब्याएवढा झाला होता. इझाक लेवन शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकत होता. पास्टर मार्गांनी विचारलं, "इझाक, तुम्हाला काही म्हणायचंय?"

इझाकने हातातली साल नीट कागदात ठेवली. "नाही," तो म्हणाला. "हर्मनला आनंद होतोय तर होऊ दे."

हे वाक्य हर्मनने पाठिंबा म्हणून घेतलं. तो अशी वाक्यं नेहमीच पाठिंबा म्हणून घ्यायचा.

पुढे नगरपालिका. तिथल्या बाईंनी सांगितलं की चर्चसमोरचा रस्ता प्रांताचा आहे, प्रांताची परवानगी आणा. प्रांताच्या ऑफिसने सांगितलं की रस्ता आमचा, पण गवत नगरपालिकेचं, आणि बोर्ड गवतात येतो. हर्मन परत आला. बाई म्हणाल्या, "मिस्टर टेव्स, बोर्ड वाचताना गाडी चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होईल का?"

"चर्चचा बोर्ड आहे हो! लक्ष विचलित व्हावं म्हणूनच तर लावायचा."

"मग नाही मिळायची परवानगी."

"होणार नाही विचलित," हर्मन घाईघाईने म्हणाला. "अजिबात होणार नाही. कोणी ढुंकूनही बघणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं काही लिहून द्यावं लागलं, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं.

त्यातच कारखान्यातून बोर्ड आला. सहा माणसांनी उतरवला आणि हर्मनच्या गॅरेजसमोर उभा केला. हर्मनने वेष्टण काढलं आणि तो मटकन पायरीवर बसला. कारखान्यातल्या कोणीतरी मापांची अदलाबदल केली होती. वर, दुरूनही दिसेल अशा ठळक अक्षरांत, 'हर्मन टेव्स यांच्याकडून, नम्रतापूर्वक'. आणि खालच्या कोपऱ्यात, चष्मा लावून वाचावं अशा बारीक अक्षरांत, 'लिंडेनफेल्ड मेनोनाइट चर्च'.

त्याने बोर्डावर ताडपत्री टाकून करकचून दोर बांधले. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून वारा सुटला. मैदानातला वारा, त्याला अडवायला मध्ये झाड नाही की टेकडी नाही. ताडपत्री उडून शेजारच्या गोठ्यावर जाऊन बसली, आणि बाजारहाटाला निघालेलं अख्खं गाव हर्मनच्या घरावरून गाड्या हळू करत गेलं. लक्ष विचलित होतं की नाही, याचा निकाल परस्परच लागला.

"हर्मन, चर्च तुझ्याकडे हलवलं का रे?" एकाने काच खाली करून विचारलं. "वेळ तीच ना? साडेदहा?"

हर्मनने घरात येऊन पडदे ओढले. जस्टिनाने भांडी घासायला घेतली. त्या भांड्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू येत होता.

अक्षरं बदलून आली. ईस्टर जवळ आला होता. विटांचे खांब उभे करायचे तर खाली जमिनीत सिमेंटचा खोल पाया हवा, कारण आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि उथळ रोवलेली कुठलीही गोष्ट वर काढून फेकते. भोक पाडायचं मोठं यंत्र घेऊन एक माणूस येणार होता. त्याआधी नगरपालिकेच्या लोकांनी येऊन जमिनीखाली काय काय आहे ते पाहिलं, पाण्याचा मोठा नळ जातो तिथे गवतात निळ्या झेंड्या रोवल्या आणि खांबांच्या जागी खुणा करून दिल्या. "या खुणांवर खणा," ते बजावून गेले. "इकडे तिकडे नको."

जुनी पाटी हर्मनने बुधवारीच काढली होती. आणि त्या दिवशी चर्चसमोर बर्फ वितळून इतका चिखल झाला होता, की सिमेंटची हातगाडी पुढे सरकेना. तेव्हा हर्मनने हाताशी जी फळी होती ती चिखलात टाकली आणि तिच्यावरून गाडी नेली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या मनात त्या फळीबद्दल काहीच नव्हतं, आणि वाईट काय असेल तर ते हेच होतं.

पवित्र गुरुवारची सकाळ उजाडली. यंत्रवाला आला. हर्मन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटून बोर्डाची कल्पना करू लागला, आणि त्याच्या लक्षात आलं, की खुणेच्या जागी बोर्ड उभा केला तर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडाची एक फांदी बरोबर खालच्या कोपऱ्यावर येते. बाकी सगळा बोर्ड दिसतो. फक्त खालचा कोपरा दिसत नाही.

"जरा डावीकडे घेऊ या," तो यंत्रवाल्याला म्हणाला.

"खुणा इथे आहेत."

"खुणा अंदाजाने करतात हो ते लोक. मी विम्याच्या धंद्यात जन्म काढलाय. धोका कशाला म्हणतात ते मला विचारा."

यंत्रवाल्याने खांदे उडवले. यंत्र घरघरलं, माती वर येऊ लागली, काळी, मग पिवळी, मग ओली. मग खालून घशात काही अडकल्यासारखा आवाज आला आणि भोकातून पाण्याचा असा लोट उसळला, की तो आधी यंत्रवाल्याच्या टोपीवर, मग स्प्रूसच्या झाडावर आणि मग, वाऱ्याची दिशा बदलल्यावर, हर्मनच्या रविवारच्या कोटावर कोसळला. कोट त्याने मुद्दाम घातला होता. कोणी फोटो काढलाच तर असावा म्हणून.

चर्चसमोरच्या सगळ्या गल्लीचं पाणी गेलं. आणि ते कोणत्या मुहूर्तावर गेलं? पास्काच्या! ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी लिंडेनफेल्डमधल्या घराघरांत बायका कोपरापर्यंत पिठात असतात. दारं धडाधड उघडली. पिठाचे हात वर धरून बायका बाहेर आल्या, जणू कोणी त्यांच्यावर बंदूक रोखली होती. बंदूक असती तर ती कोणी कोणावर रोखली असती, हे सांगायला नको.

"कोणी केलं हे?" ॲग्नेस पेनर ओरडली.

उत्तर द्यायची गरज नव्हती. ज्याच्या कोटातून पाणी गळत होतं तो भर चिखलात उभा होता.

नगरपालिकेचे लोक आले, त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली. शनिवारशिवाय दुरुस्ती होत नाही म्हणाले. तोवर अग्निशामक केंद्राजवळ पाण्याची टाकी उभी करतो, ज्याने त्याने भरून न्यावं. 'या खुणांवर खणा म्हटलं होतं ना,' असं त्यांच्यातला कोणीही म्हणाला नाही. म्हणाले असते तर हर्मनला भांडता तरी आलं असतं.

तो घरी आला आणि कोटासकट स्वयंपाकघरात उभा राहिला. "जस्टिना," तो म्हणाला, "मला वाटतं मी ईस्टरला थोडे दिवस तुझ्या बहिणीकडे जावं. प्रकृती बरी नाही म्हणून सांग."

जस्टिना तळघरात गेली. वर आली ती तिच्या वडिलांचे दुधाचे जुने कॅन घेऊन. ते तिने नवऱ्यापुढे दाणकन ठेवले.

"हे काय?"

"ॲग्नेसचे गुडघे गेलेत. समोरच्या घरात दोघी म्हाताऱ्या बहिणी. इझाकला लेनाला एकटं सोडून बाहेर पडता येत नाही. या लोकांनी टाकीवरून पाणी आणायचं कसं?"

"मी? आत्ता? सगळे बघतील गं!"

"एरवी त्यासाठीच तर मरतोस," जस्टिना म्हणाली. पण म्हणताना तिने त्याचा ओला कोट उतरवून घेतला, जुना जाड स्वेटर त्याच्या डोक्यातून घातला, आणि लहान मुलाचं करावं तशी कॉलर नीट केली.

हर्मन निघाला. पहिल्या खेपेला त्याच्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच्या मनात होतं की हे बरंच झालं. लोक म्हणतील, 'चूक झाली, पण बघा कसा मोठ्या मनाने निस्तरतोय.' कॅन उचलून तो ॲग्नेसच्या दाराशी गेला, चेहरा जेवढा खाली पाडता येईल तेवढा पाडला आणि दार वाजवलं.

ॲग्नेसने दार उघडलं. "आत आण. पायरीवर सांडू नकोस. बूट काढ. नको, काढू नकोस, मोजे त्याहून घाण आहेत. ओट्यावर ठेव. तिथे नाही, इथे. आणखी दोन खेपा लागतील."

एवढंच. आभार नाही, मोठ्या मनाचा उल्लेख नाही, काही नाही. ॲग्नेसला पिठाची काळजी होती, हर्मनची नव्हती. दुसऱ्या खेपेला तो वितळलेल्या बर्फावरून घसरला आणि अर्धा कॅन त्याच्या बुटांत गेला. तिसऱ्या खेपेला कॅनच्या कडीने तळहात सोलला. म्हाताऱ्या बहिणींपैकी एकीला कमी ऐकू यायचं. तो पाणी विकायला आलाय असं समजून तिने त्याला दारातून हाकलून दिलं. दुसरीने परत बोलावलं.

खेपा वाढत गेल्या तशी एक गंमत झाली. आधी तो वाटेतल्या प्रत्येक खिडकीकडे बघत होता. कोण पाहतंय, कोण हसतंय. पुढे पुढे कॅनमधलं पाणी डचमळू नये म्हणून त्याला कॅनकडे बघावं लागलं. मग पायांखालच्या चिखलाकडे. मग कोणत्या घरी अजून पोहोचलं नाही, कोणाची किटली रिकामी, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला. स्वतःकडे बघायला वेळच उरला नाही. आणि हर्मनला, त्या भिजलेल्या बुटांत, का कोण जाणे, फार हलकं वाटत होतं. वाटतंय हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

इझाकचं घर त्याने शेवटी ठेवलं होतं. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. दार लेनाने उघडलं. लेना एके काळी शाळेत चित्रकला शिकवायची. आता तिला माणसं ओळखू येत नसत. कधी कधी इझाकही नाही. पण हर्मनच्या हातातला कॅन पाहून तिचा चेहरा उजळला.

"इझाक!" तिने आत हाक मारली. "अरे, पाणीवाला आलाय! किती दिवसांनी आला बघ."

गावात कधी काळी विहिरीवरून घरोघर पाणी देणारा माणूस यायचा, तेव्हा ती लहान असणार. हर्मन चाळीस वर्षं तिचा शेजारी होता, तिच्या घराचा विमा त्यानेच उतरवला होता. 'लेना, मी हर्मन,' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याची नजर व्हरांड्यात गेली.

तिथे भिंतीला टेकवून ओकची फळी उभी होती. तिच्यावरचा चिखल कोणीतरी पुसून काढला होता, अगदी अक्षरांच्या खाचांतूनही. शेजारी काळं पाणी भरलेली बादली आणि दात घासायचा जुना ब्रश होता. हातगाडीच्या चाकाची पन्हळ मात्र लाकडात खोल उमटलेली होती. ती निघणार नव्हती.

लेना फळीजवळ गेली आणि तिने एका अक्षरावरून बोट फिरवलं. "हे कोणी केलंय माहीत नाही," ती हर्मनला म्हणाली, "पण ज्याने कोणी रंग भरलाय ना, त्याचा हात चांगला आहे."

इझाक आतून येऊन दारात उभा होता. हर्मनला त्याच्याकडे बघवेना. त्याने पाणी आत नेऊन ओतलं. थोडं जमिनीवर सांडलं. ते त्याने गुडघे टेकून पुसलं, जेवढं सांडलं होतं त्याहून बरंच जास्त पुसलं.

"हर्मन," इझाक म्हणाला, "संध्याकाळी चर्चमध्येही पाणी लागेल. आज गुरुवार आहे."

गुरुवार! पवित्र गुरुवारी आमच्याकडे एकमेकांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे धुतले म्हणून. बाया एका खोलीत, पुरुष दुसऱ्या खोलीत, आणि शेजारी जो बसेल तो आपला जोडीदार. घरून सगळे आधीच पाय स्वच्छ धुऊन येतात, हे आमचं एक उघड गुपित आहे. नखंसुद्धा कापलेली असतात.

हर्मनने पाणी चर्चमध्ये नेलं, स्वयंपाकघरातल्या गॅसवर तापवलं, तसराळी भरली. घरी जाऊन कपडे बदलायला वेळ उरला नाही. चिखलाने भरलेले बूट घालून तो पुरुषांच्या खोलीत मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पास्टर मार्गा दारातून आत डोकावल्या. "पाणी तुम्ही आणलंत ना, हर्मन?"

"पाणी घालवलंही मीच," हर्मन म्हणाला. त्या हसल्या आणि बायकांच्या खोलीकडे गेल्या.

इझाकच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. हर्मन जाऊन बसला. भिंतीशी उभ्या उभ्याच त्याने सगळं ठरवलं होतं. आपण आधी उठायचं, इझाकचे पाय धुवायचे, आणि धुताना फळीबद्दल माफी मागायची. शब्दही जुळवले होते. 'इझाक, आज मी तुझ्यापुढे...' अशी सुरुवात होती आणि शेवट असा काही सुंदर होता की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. शेजारच्या दोन खुर्च्यांपर्यंत ऐकू जाईल असा आवाजही त्याने मनात लावून पाहिला होता. सवयी एका दिवसात जात नाहीत.

पण तो उठायच्या आत इझाकने तसराळं ओढून घेतलं आणि त्याच्या पायांशी गुडघे टेकले.

"नाही, नाही, इझाक! आधी मी."

"बस रे."

"माझे पाय बघवणार नाहीत तुला. चिखल आहे. सकाळपासून बूट काढले नाहीत."

"म्हणूनच तर धुवायचे," इझाक म्हणाला. "इतकी वर्षं मी लोकांचे धुतलेले पाय धुतोय. आज पहिल्यांदा काहीतरी काम निघालं."

त्याने हर्मनच्या बुटाची नाडी सोडली. बूट निघेना. इझाकने जोर लावला, बूट निघाला आणि इझाक मागच्या मागे बसला, आणि बुटातलं सकाळचं पाणी त्याच्या मांडीवर ओतलं गेलं. कोणीतरी खुसखुसलं. मोजा ओढल्यावर आतून गवताची काडी, वाळू आणि स्प्रूसची एक पानकाडी निघाली. हर्मनचे कान लाल झाले. आयुष्यात तो हजार ठिकाणी पुढे झाला होता, द्यायला, करायला, मांडायला. आपण नुसतं बसायचं, आपला सगळ्यांत घाण भाग दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि काहीच करायचं नाही, हे त्याला कधी जमलंच नव्हतं. प्रभूच्या त्या शेवटच्या जेवणाच्या रात्री एका शिष्यानेही आपले पाय मागे ओढून घेतले होते. दर वर्षी ती गोष्ट ऐकताना हर्मनला तो शिष्य नम्र वाटायचा. आज पहिल्यांदा कळलं की तो नम्र नव्हता, लाजला होता.

इझाकचा हात पाण्यातून त्याच्या घोट्यापर्यंत आला. पाणी गरम होतं. टाचेवरचा चिखल इझाकने अंगठ्याने सावकाश सोडवला, फळीच्या खाचांतून सोडवला असेल तसाच. जुळवून ठेवलेलं सुंदर भाषण हर्मनच्या डोक्यातून साफ निघून गेलं. तोंडातून कसंबसं एवढंच आलं, "इझाक... ती फळी."

"हं."

"माझ्या लक्षातच आलं नाही रे. मी बघितलंच नाही."

इझाकने पाय टॉवेलवर घेतला. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "मला राग आला होता. आज दुपारी तू दुसऱ्यांदा घसरून आमच्या खिडकीसमोर आडवा झालास ना, तेव्हा जरा उतरला. तू पडलास, इकडे तिकडे बघितलं नाहीस, उठून पुन्हा पाणी भरायला गेलास. लेनाला म्हटलं, बघ, हा कोणी वेगळाच माणूस दिसतोय."

हर्मन हसला, आणि हसता हसताच रडायला लागला. आमच्याकडे पुरुषांच्या खोलीत कोणी रडत नाही. सगळ्यांनी लगेच आपापल्या जोडीदाराच्या पायांत फार लक्ष घातलं. मग हर्मनने खाली बसून इझाकचे पाय धुतले. ते अर्थातच आधीच स्वच्छ होते. हर्मनने तरीही ते खूप वेळ धुतले.

शुक्रवारीही त्याने पाणी भरलं, आणि शनिवारी सकाळीही. नळ दुरुस्त करणाऱ्यांनी तो खड्डा बुजवला. हर्मनने समितीला सांगितलं की जुनीच पाटी परत लावू या, चाकाच्या पन्हळीसकट. त्यावर बिया न सोलताच एकमत झालं. विटांचा, काचेचा, दिव्याचा बोर्ड शेजारच्या गावातल्या, बर्फावर खेळायच्या कर्लिंगच्या क्लबने नेला आणि अक्षरं बदलून घेतली.

गावाला मात्र आता हर्मनबद्दल बोलायला वेगळाच विषय मिळाला होता. स्थानिक साप्ताहिकाच्या बातमीदाराने शनिवारी दुपारी फोन करून सांगितलं, की पाणी वाहणाऱ्या या गृहस्थांवर थोडं लिहायचंय, फोटोही काढायचाय, चारच्या सुमाराला येतो. जस्टिनाने तो निरोप नवऱ्याला दिला. चार वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा असणार याबद्दल तिला शंका नव्हती. तिने शर्टाला इस्त्रीही करून ठेवली.

बातमीदार आला तेव्हा शर्ट खुंटीवरच होता.

"मिस्टर टेव्स कुठे आहेत?"

"इझाक लेवनचा फोन आला," जस्टिना म्हणाली. "त्याबरोबर उठून गेला. तुम्ही येणार हे विसरलाच वाटतं." हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं, की बातमीदार गोंधळला. विसरण्यात कौतुक काय ते त्याला कळेना. तिने त्याच्या हातात पास्काचा तुकडा दिला. "खालून करपलाय," ती म्हणाली. तो बाहेरगावचा होता, नुसताच 'थँक यू' म्हणाला. त्या दिवशी जस्टिनाने तेही चालवून घेतलं.

इझाकचा फोन असा होता: "हर्मन, नळाला पाणी आलंय. आता खरं तर यायची गरज नाही. पण लेना दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसलीय. पाणीवाला अजून आला नाही म्हणतेय."

हर्मनने घरच्याच नळावर कॅन भरला आणि निघाला. गल्लीत सगळीकडे ताज्या पावाचा वास होता, प्रत्येक घरात नळ वाहत होता, आणि त्यातून एक माणूस दोन्ही हातांनी कॅन सांभाळत चालला होता. कोणी पाहिलं असतं तर वेडा म्हटलं असतं. ॲग्नेसने पाहिलं. तिने आपल्या अंगणाचं फाटक उघडून धरलं, त्याला वळसा पडू नये म्हणून.

लेना खुर्चीतून उठली. "आलास! मला वाटलं विसरलास."

"उशीर झाला," हर्मन म्हणाला. "माफ कर."

तिने त्याला आत नेलं, स्वतः कपाटातून मोठं भांडं काढून दिलं, आणि तो पाणी ओतत असताना ते भरताना बघत राहिली. मग तिने त्याला नीट न्याहाळलं.

"इतके दिवस येतोस, आणि मी तुझं नावसुद्धा विचारलं नाही. काय नाव रे तुझं?"

दारातून इझाकने सांगायला तोंड उघडलं. हर्मनने हळूच मान हलवली.

"पाणीवालाच म्हणतात सगळे," तो म्हणाला.

लेनाने क्षणभर विचार केला. "चांगलं आहे," ती म्हणाली. "लक्षात राहील असं आहे. बरं, उद्या जरा लवकर येशील? उद्या ईस्टर. पाहुणे येतील, पाणी जास्त लागेल."

हर्मनने कॅनचं झाकण लावलं. "दोन कॅन आणतो," तो म्हणाला.